जुलैतला सूर्य

सोडियमचा दिवा लावला की पहिली काही मिनिटे तो गुलाबी असतो. मग तो सावकाश पिवळा होतो, आणि त्या पिवळ्या उजेडात उभी असलेली सगळी माणसे आजारी दिसू लागतात. गिरगावातल्या आमच्या कॉलेजची तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा मला आठवते ती याच रंगात. डिसेंबरातल्या एका दुपारी, सहा वर्षांनी, मी तिच्या दारात पुन्हा उभी राहिले तेव्हा कोपऱ्यात तोच दिवा तापत होता. तापलेल्या वार्निशचा, डांबरगोळ्यांचा आणि कित्येक पावसाळे पिऊन फुगलेल्या कागदाचा एकत्र वास जसाच्या तसा होता. भिंतीवरचा विश्वाच्या उत्क्रांतीचा तक्ताही होता. महास्फोटाच्या जागी त्याला वाळवी लागली होती.

चार वाजता वरच्या सभागृहात माझे व्याख्यान होते: ‘खगोलभौतिकीतील संधी’. विभागप्रमुख रेगे सरांनी फोनवर मला ‘आमच्या विभागाचा अभिमान’ म्हटले होते. मी ते मनातल्या मनात नाक मुरडत, पण शेवटपर्यंत ऐकून घेतले होते.

प्रयोगशाळेत एकच मुलगी होती. तिच्यासमोर दोन पुस्तकांच्या चळतींवर एक काच आडवी ठेवलेली, काचेखाली पेटलेला टेबललॅम्प, काचेवर एक उघडे जर्नल आणि त्याच्यावर कोरा कागद. ती पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने ठिपके उतरवत होती. काचेच्या त्या मांडणीकडे मी जवळजवळ मायेने पाहिले. मग जर्नलकडे पाहिले. अक्षर माझे होते.

‘मॅम, तुम्ही आलात पण!’ ती दचकून उभी राहिली. ‘मी पूर्वा. एमएस्सी पार्ट टू. हे तुमचंच आहे ना? सर सांगतात, असं जर्नल परत कोणाचं झालं नाही.’

‘बस तू,’ मी म्हणाले. ‘चालू दे.’

आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून, माझा सूर्य तिच्या कागदावर उतरताना पाहत राहिले.

खगोलभौतिकी आणि विश्वरचनाशास्त्र हा विषय आम्ही ज्या पद्धतीने शिकलो तिला शिक्षण म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. आम्ही तेरा जण होतो. विश्वाचे वय आम्ही फळ्यावर पंधरा मिनिटांत काढत असू. त्याला परीक्षेत दहा गुण होते. कृष्णविवराच्या क्षितिजाची त्रिज्या कोणालाही झोपेतून उठवून विचारावी. मात्र गच्चीत पेटीबंद असलेली चार इंची दुर्बीण दोन वर्षांत मी तीनदा पाहिली, त्यातली एक वेळ विद्यापीठाची समिती आली होती तेव्हाची. गच्चीची किल्ली प्रयोगशाळेचे मदतनीस परब मामा यांच्या कमरेला असे. कोणी मागितली की ते विचारत, ‘सरांची चिठ्ठी?’ सरांकडे चिठ्ठी मागितली की सर विचारत, ‘कशाला?’ या दोन प्रश्नांच्या मध्ये आमचे निरीक्षणात्मक खगोलशास्त्र संपत असे.

तरीही त्या दिवसांचे तपशील माझ्या अंगाला चिकटून आहेत, हे मी नाकारत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या गरम नोट्सचा वास. चर्नी रोडच्या बाजूने येणारा खारा, दमट वारा आणि त्याने लहरी झालेले गॅल्व्हानोमीटर. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे प्रयोगाच्या एकाच टेबलावर मांडले जात. कोणाच्या तरी सुकटाच्या चटणीचा वास दुपारच्या क्वांटम मेकॅनिक्सपर्यंत पुरे. ही सगळी मुले पुढे बँकांत आणि कोचिंग क्लासेसमध्ये गेली. त्यांना विश्वाशी कर्तव्य नव्हतेच. मला होते, निदान माझी तशी समजूत होती, आणि त्या समजुतीच्या उंचीवरून मी बाकी बाराजणांकडे पाहत असे.

आमच्या विभागातली सर्वांत पूज्य वस्तू म्हणजे मास्टर जर्नल. कुठल्या तरी जुन्या बॅचच्या विद्यार्थ्याचे, पहिले पान फाटलेले, म्हणून निनावी. परब मामांच्या कपाटात ते लाल कापडात बांधलेले असे. प्रयोग चौथा: सूर्याच्या प्रतिमेवरील डागांच्या सरकण्यावरून सूर्याचा परिवलनकाळ काढणे. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची, डाग टिपायचे, रोज, दहाबारा दिवस. मग गणित करायचे. पृथ्वीवरून पाहता उत्तर साधारण सत्तावीस दिवस येते. मास्टर जर्नलमध्ये सत्तावीस पूर्णांक तीन होते, म्हणून सर्वांच्या जर्नलमध्ये सत्तावीस पूर्णांक तीन असे. सत्र जूनमध्ये सुरू होई. वेळापत्रकाप्रमाणे चौथा प्रयोग जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत येई. जर्नले प्रत्यक्षात भरली जात ती सत्र संपताना, एका बैठकीत, काचेखाली दिवा लावून. तारखा मात्र वेळापत्रकातल्या घालायच्या. वर्षानुवर्षे, बॅचमागून बॅच, तेच बारा ठिपके तेवढ्याच अंतराने सरकत राहिले. डागांची संख्या कमीजास्त करणारे अकरा वर्षांचे सौरचक्र आमच्या विभागाला लागू नव्हते.

मी उतरवायचे नाकारले. प्रयोग चारची पाने कोरी ठेवली आणि वर्गात सांगितले की माझा सूर्य मी स्वतः पाहणार आहे. मुले हसली. एकजण म्हणाला, ‘ए, बघ हां, आम्हाला पण सांग कसा दिसतो.’ पावसाळा संपायची वाट पाहिली. दिवाळी झाली. नोव्हेंबरात आकाश धुतल्यासारखे झाले, तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीच्या गच्चीत मी माझी वेधशाळा उभारली.

तिचे साहित्य असे होते. पप्पा माझगावच्या गोदीत फिटर होते. त्यांनी कधीकाळी भंगारातून उचलून आणलेली एक जड द्विनेत्री दुर्बीण. तिचे एक भिंग पुठ्ठ्याने झाकलेले. एक तुटक्या पाठीची खुर्ची, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि कागद टाचण्यासाठी कॅरमबोर्ड. रोज एकाच मापाचे वर्तुळ हवे म्हणून आईच्या मांडणीतली आमटीची मोठी वाटी. वाटी पालथी घालायची, पेन्सिल फिरवायची, त्या वर्तुळात सूर्य बसवायचा. सकाळी आठ ते साडेआठ. खालच्या गल्लीतून मसाला कुटल्याचा आवाज येई आणि तिखटाची धूळ उन्हात वर चढे. मी शिंकले की सूर्य हलत असे.

शेजारच्या तावडेकाकू कपडे वाळत घालायला येत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

‘काय गो बाय, सूर्यात काय हरवला तुझा?’

‘डाग शोधतेय, काकू.’

‘डाग? आमच्या घोवाच्या शर्टावर शोध. ढिगान गावतले.’ मग जाता जाता, ‘आणि डोळे गेले मगे लगीन कोण करतला तुझ्यावांगडा?’

मी पुन्हा कागदावर वाकले. मात्र चौथ्या दिवशी त्यांनी आपली चादर आपणहून दुसऱ्या दोरीवर नेली, कारण तिची सावली माझ्या सूर्यावर पडत होती. आमच्या विभागात दोन वर्षांत माझ्या कामासाठी कोणी इतकेही सरकले नाही.

डाग होते. दोन, एकामागे एक, पेन्सिलीच्या टोकाने टेकवावेत तसे. दुसऱ्या दिवशी ते सरकलेले होते. तो आनंद मला नीट सांगता येत नाही आणि सांगू पाहणाऱ्यांबद्दल मला फारसा आदरही नाही. एवढेच लिहिते की त्या सकाळी मी जिना उतरून खाली गेले आणि आईला म्हणाले, ‘फिरतोय.’ आई पोळ्या लाटत होती. ‘कोण?’ म्हणाली. ‘सूर्य,’ म्हटले. ‘बरं झालं,’ आई म्हणाली. ‘आता वाटी दे. मला आमटी वाढायचीय.’

माझे उत्तर एकतीस दिवस आले.

गणित तीनदा तपासले. एकतीसच. डिसेंबरात ते बारा कागद घेऊन मी रेगे सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शेवटचे पान उघडले. बाकीची उघडली नाहीत.

‘एकतीस कसे आले?’

‘तेच विचारायला आलेय, सर. कुठे चुकलं ते कळत नाहीये.’

‘विचारायचं काय त्यात? सूर्य चुकतो का?’

‘नाही, सर.’

‘मग कोण चुकलं?’

‘मी. पण कुठे—’

‘हे बघ, तू हुशार आहेस. फेब्रुवारीत तुझा त्या संशोधन संस्थेचा इंटरव्ह्यू आहे. शिफारसपत्र मी देणार आहे. पण जर्नल अपुरं असेल तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर परीक्षेला बसता येत नाही. शुक्रवारपर्यंत पूर्ण कर. परबांकडे आहे सगळं.’

परब मामांनी लाल कापड सोडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हते. ‘काच धुऊन ठेवलीय,’ एवढेच म्हणाले.

मी उतरवले. आणि माझा स्वभाव असा, की उतरवतानाही इतरांपेक्षा चांगले उतरवले. ठिपके काळ्या शाईत, वर्तुळे कंपासने, तारखा शीर्षरेषा ओढून. एक जुलै. दोन जुलै. तीन जुलै. मास्टर जर्नलची शिवण तोवर उसवली होती. पुढच्या वर्षी सरांनी माझे जर्नल ठेवून घेतले. त्याला तपकिरी कव्हर घातले.

खरी चूक मला पुढे, एका परक्या शहरात, भांडी घासताना कळली. वाटी मोठी होती. सूर्याची प्रतिमा वाटीच्या वर्तुळापेक्षा किंचित लहान पडत होती, आणि मी मोजत होते वाटीपासून. त्यामुळे डाग प्रत्यक्षात जेवढे फिरत, त्यापेक्षा माझ्या हिशेबात कमी फिरत, आणि सूर्य आळशी ठरत होता. सरांनी पहिला कागद दोन मिनिटे पाहिला असता तर प्रतिमेची कडा आणि पेन्सिलीची रेघ यांच्यामधली फट त्यांना दिसली असती. कदाचित नसतीही. त्यांनीही कधी सूर्य पाहिला नसावा.

इंटरव्ह्यूला तीन जण होते. टेबलावर बिस्किटे होती. सुती साडीतल्या एका प्राध्यापिकेने माझे जर्नल चाळले आणि चष्म्यावरून पाहत विचारले, ‘छान काम आहे. ही निरीक्षणे कुठली?’

‘गिरगावातली. आमच्या कॉलेजच्या गच्चीवरची.’

‘जुलैमधली?’

‘हो.’

‘सलग बारा दिवस. जुलैत. मुंबईत.’

मला वाटते, त्या क्षणी खरे बोलायला पुरेशी जागा होती. बारा खरे कागद माझ्या पिशवीत होते. मी म्हणाले, ‘सकाळी थोडी उघडीप असायची, मॅडम.’

त्यांच्यातला एकजण हसला आणि लगेच खोकला. प्राध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी जर्नल मिटले, दोन्ही हातांनी, काळजीपूर्वक, माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, ‘बिस्कीट घ्या ना.’ माझी निवड झाली नाही. दुसरीकडे जागा मिळायला वर्ष गेले, आणि त्या वर्षाची हकीकत सांगण्याजोगी नाही.

‘मॅम,’ पूर्वा म्हणत होती, ‘हा आठ तारखेचा डाग नक्की इथेच आहे का? जरा फिकट झालाय.’

ती आठव्या वर्तुळापर्यंत पोहोचली होती. मी विचारले, ‘एवढी घाई कशाची?’

‘उद्या सबमिशन आहे. आणि पुढच्या महिन्यात माझा इंटरव्ह्यू.’ तिने संस्थेचे नाव सांगितले. तीच. ‘सर म्हणाले, हाच प्रोजेक्ट दाखव. घोडपदेवातून तिथे कोणी गेलेलं नाही, मॅम. माझे बाबा आत्तापासून सगळ्यांना सांगत सुटलेत.’

खिडकीबाहेर डिसेंबरचे स्वच्छ, निर्लज्ज ऊन पडले होते. मला एक गोष्ट सहज करता आली असती: शुभेच्छा देऊन वर जाणे. तिथे गुच्छ होता, शाल होती.

‘पूर्वा, जुलैत तू गच्चीत गेली होतीस?’

‘जुलैत? पाऊस होता ना, मॅम. खाली गुडघाभर पाणी होतं.’

‘मग?’

‘पण तुमच्या वेळी…’ ती थांबली. ‘तुम्ही होतात ना गच्चीत?’

‘नव्हते.’

‘मग तुमचे सत्तावीस कसे आले?’

‘तुझे येतायत तसेच.’

तिने पेन्सिल खाली ठेवली. मी तिला सगळे सांगितले: वाटी, एकतीस, शुक्रवार, सुती साडी, उघडीप. आवाज कोरडा ठेवला. ती मन लावून ऐकत होती. मधेच तिने कागदाच्या कडेला ‘जुलै’ लिहून त्यावर फुली मारली. मला वाटले, तिच्यापर्यंत पोहोचले.

‘थँक यू, मॅम,’ ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखरच उजळला होता. ‘वाचले मी. मग मी डिसेंबर टाकते ना. डिसेंबरात ऊन असतं.’

तिच्यावर तुच्छतेने हसायला माझे ओठ तयार झाले होते. पण मला तो बसचा प्रवास आठवला, इंटरव्ह्यूहून परतीचा. परळचा पूल चढेपर्यंत मी खिडकीला डोके टेकून रडले होते, आणि पुलाच्या माथ्यावर माझ्या मनात जो पहिला स्पष्ट विचार आला तो असा: मूर्ख, नोव्हेंबर टाकायला हवा होता. उतरवायला नको होते, असे नव्हे. तारीख. विज्ञानावर माझे इतके प्रेम होते.

‘पूर्वा,’ मी म्हणाले, ‘हाच विचार मीही केला होता. शब्द न शब्द.’

मी तिच्या कागदाखालून माझे जर्नल ओढून घेतले, पेन काढले आणि एक जुलैच्या वर्तुळाखाली लिहिले: ढगाळ. सूर्य दिसला नाही. मग दोन जुलैखाली. मग तीन. बारा वेळा. शेवटच्या पानावरचे सत्तावीस पूर्णांक तीन एका रेघेने खोडले आणि खाली आजची तारीख घालून सही केली. अक्षर मुद्दाम चांगले काढले.

‘सर ओरडतील,’ पूर्वा म्हणाली.

‘हो.’

‘आणि खरंच मोजलं आणि एकतीस आलं तर?’

‘तर तुझ्याकडे बारा कागद असतील. मला मेल कर. मी प्रत्येक कागद बघेन.’

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग घड्याळाकडे. ‘मॅम, तुमचं लेक्चर चारला आहे ना? आम्हाला कम्पलसरी आहे.’

‘माहीत आहे.’

‘मी नाही आले तर चालेल?’

सभागृह चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली आहे. सरांनी माझे स्वागत केले. दादरहून मुद्दाम आणवलेला गुच्छ दिला, त्यातल्या निशिगंधावर चमकी मारली होती. परब मामा दाराशी उभे होते. कमरेला किल्ली आहे का, ते मी पाहिले नाही. सर माइकसमोर गेले आणि परब मामांनी प्रयोगशाळेतून आणून ठेवलेले ते तपकिरी कव्हरचे जर्नल त्यांनी सगळ्यांना दिसेल असे उंच धरले.

‘मुलांनो, निरीक्षण म्हणजे काय, ते यातून शिका. मी तुम्हाला एकच पान दाखवतो.’

त्यांनी पान उघडले. त्यांचे डोळे खालच्या ताज्या शाईवर थांबले. त्यांनी पान उलटले. आणखी एक उलटले. मग जर्नल मिटून टेबलावर पालथे ठेवले, आणि ‘अशा या आमच्या गुणी विद्यार्थिनीने विभागाचे नाव उज्ज्वल केले आहे’ हे वाक्य, एक शब्दही न चुकता, पूर्ण केले. टाळ्या पडल्या. मी माइककडे निघाले.

तेवढ्यात छतावरून काहीतरी जड, लोखंडी, घासत नेल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, आणखी पुढे, पश्चिमेच्या बाजूला.

‘परब,’ सर वर पाहत म्हणाले, ‘गच्चीत कोण आहे? काय चाललंय वर?’

‘सूर्य बघतायत, सर,’ परब मामा म्हणाले, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.